इम्प्लांटच्या ऑपरेशननंतर घरी गेल्यावर काय जपायचं?

प्रश्न साताऱ्याच्या एका ताईंचा आहे. त्या लिहितात: परवा पुण्यात ऑपरेशन झालं, दोन्ही स्तनांत सिलिकॉनचे इम्प्लांट बसवले, छातीच्या स्नायूच्या खाली. सध्या मावसबहिणीकडे थांबलेय, उद्या घरी निघणार. घरी सासू-सासरे, नवरा आणि तीन वर्षांचा मुलगा. नवऱ्याशिवाय कुणाला खरं सांगितलेलं नाही, बाकीच्यांना 'छातीतली गाठ काढली' एवढंच माहीत आहे. घरी काय जपायचं, किती दिवस दुखेल, मुलाला उचलून कधी घेता येईल, आणि पाच आठवड्यांवर गौरी आहेत, तोवर कामाला लागता येईल का?

ताई, मी प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात सिस्टर आहे. डिस्चार्जच्या वेळी पेशंटला सगळं समजावून सांगणं माझ्याकडे असतं आणि घरी गेल्यावर रात्री-अपरात्री येणारे फोनही बहुतेक मीच घेते. त्यामुळे कागदावर छापलेल्या सूचना घरात नेमक्या कुठे मोडतात ते मला चांगलं माहीत आहे. तुमच्या सर्जननी यापेक्षा काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, आत नक्की काय केलंय ते त्यांनी पाहिलंय.

आधी त्या गाठीचं बघू, कारण माझ्या मते तुमची खरी अडचण तिथे आहे. शरीर तुमचं, निर्णय तुमचा, कुणाला सांगायचं हेही तुम्हीच ठरवायचं. त्यात मी पडणार नाही. पण 'गाठ काढली' म्हटलं की घरात दोन गोष्टी होतात. एक तर सगळ्यांच्या मनात कॅन्सर येतो. रिपोर्ट काय आला म्हणून जो तो विचारतो, आणि तुम्हाला एकावर एक खोटं रचावं लागतं. दुसरं म्हणजे गाठ निघाली की माणूस मोकळा, असा लोकांचा समज असतो. चौथ्या दिवशी कुणी तरी तुमच्या हातात कणकेची परात देतं आणि तुम्हाला नाही म्हणायला कारण सापडत नाही. त्यापेक्षा 'छातीच्या स्नायूचं ऑपरेशन झालंय, सहा आठवडे हाताला जोर द्यायचा नाही' असं सांगा. यात एक अक्षरही खोटं नाही, आणि पुढचे सहा आठवडे तुम्हाला नेमकं हेच वाक्य लागणार आहे.

एका माणसापासून मात्र काहीही लपवायचं नाही, तो म्हणजे डॉक्टर. मग तो गल्लीतला फॅमिली डॉक्टर असो, सोनोग्राफीवाला असो की अपघात विभागातला निवासी डॉक्टर. समजा आठव्या दिवशी एका बाजूला सूज आली, सासूबाई तुम्हाला जवळच्या दवाखान्यात घेऊन गेल्या, आणि डॉक्टरलाही तुम्ही गाठ काढल्याचंच सांगितलंत. तो म्हणेल, आत पाणी झालेलं दिसतंय, सुई घालून काढून बघू. ती सुई इम्प्लांटमध्ये गेली की इम्प्लांट फाटला. असं पाणी काढायचंच असेल तर ते सोनोग्राफीखाली, आत इम्प्लांट आहे हे माहीत असलेल्या माणसाने काढायचं असतं. सासूबाईंसमोर बोलता येत नसेल तर त्यांना बाहेर बसायला सांगा, पण डॉक्टरला सांगा.

आता स्नायूखाली बसवलेत याचा घरातल्या कामाशी काय संबंध, तो बघू. छातीचा मोठा स्नायू उरोस्थी म्हणजे छातीच्या मधलं हाड आणि बरगड्या यांवरून निघून दंडाच्या हाडाला जाऊन चिकटतो. सर्जन तो उचलून, खालच्या कडेला थोडा सोडवून, त्याखाली जागा करतात. हा स्नायू ढकलताना, ओढताना, पिळताना आणि दाबताना आवळतो. आवळला की खालच्या इम्प्लांटवर दाब येतो, ताजी जागा ओढली जाते, कधी एखादी बारीक रक्तवाहिनी पुन्हा सुटते. आपल्या घरात या स्नायूला लावणारी कामं शोधावी लागत नाहीत. कणिक मळणं, लाटणं, ओले कपडे पिळणं, फरशी पुसणं, घट्ट बसलेलं बरणीचं झाकण, अडकलेली सरकती खिडकी, कुकरचं झाकण दाबून लावणं, दुकानाचं शटर. कागदावर 'जड उचलू नका' एवढंच लिहिलेलं असतं, म्हणून बायका बादली उचलत नाहीत पण पंधरा पोळ्या लाटतात. वजन नाही, पण जोर आहेच. नवऱ्याला हे पटत नसेल तर एक हात स्वतःच्या छातीवर ठेवून दुसऱ्या हाताने कणिक मळायला सांगा. त्याला समजेलही आणि कणिकही मळून होईल.

वजनाची मर्यादा पहिले तीन-चार आठवडे साधारण दोन किलो धरा. दुधाच्या एक लिटरच्या दोन पिशव्या झाल्या, की संपलं. भरलेला गॅस सिलिंडर ३० किलोच्या आसपास जातो, त्यात नुसता गॅसच १४.२ किलो. तो सरकवायचाही नाही, पायाने ढकलायचाही नाही. पायाने ढकलतानाही माणूस हाताने ओटा धरून जोर लावतोच.

निघण्याआधी घरी फोन करून काही गोष्टी आवरून घ्या. रोज लागणारं सगळं कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीत यायला हवं: चहा-साखरेचे डबे, औषधं, कपडे, मोबाइलचा चार्जर. वरच्या फळीवरचं काही काढायचं नाही आणि पलंगाखालचंही ओढायचं नाही. पुढून उघडणारे सैल गाऊन किंवा शर्ट ठेवा, डोक्यावरून घालायचे कुर्ते पहिले दोन आठवडे कपाटातच राहू देत. झोपायला खाट किंवा पलंग हवा. जमिनीवरच्या गादीवरून उठताना हातावर भार घ्यावाच लागतो. शौचालय भारतीय पद्धतीचं असेल आणि पर्याय असेल तर काही दिवस कमोड वापरा. पर्याय नसेल तर समोर स्टूल ठेवा, आधाराला हात टेका पण अंग पायांनी उचला.

प्रवासाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. सीटबेल्ट लावायचाच. छातीवरून जाणाऱ्या पट्ट्याखाली मऊ उशी किंवा घडी घातलेली शाल ठेवा. गाडी नवऱ्याला चालवू दे, पण स्पीडब्रेकर बेताने घ्यायला सांगा, तिसऱ्या दिवशी प्रत्येक धक्का छातीत कळतो. खंबाटकीच्या अलीकडे एकदा थांबून पाच-दहा मिनिटं चाला, बसल्या बसल्या पायाचे पंजे वरखाली करत राहा. ऑपरेशननंतर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, म्हणून चालणं हे औषधच समजा. घरी गेल्यावरही दिवसभर पडून राहायचं नाही. दर दोन तासांनी घरातल्या घरात फेरी मारायची.

झोपताना पाठीवर, आणि डोक्यापासून पाठीपर्यंतचा भाग तीस ते पंचेचाळीस अंश वर. निदान पहिले दोन आठवडे असंच. दोन-तीन उशा उतरत्या रचा आणि गुडघ्याखाली एक उशी ठेवा, म्हणजे घसरायला होत नाही. कुशीवर कधी झोपायचं ते सर्जनला विचारा, पोटावर मात्र सहा आठवडे तरी नाही. उठवताना लोक प्रेमाने हाताला धरून ओढतात. ते अजिबात करू द्यायचं नाही. आधी पाय पलंगाखाली सोडायचे, मग दुसऱ्याने पाठीमागे, खांद्याच्या फऱ्यांखाली हात घालून वर करायचं. नवऱ्याकडून हे आज बहिणीकडेच एकदा करून घ्या. पहाटे झोपेत शिकवायला जमत नाही.

दुखण्याचं म्हणाल, तर पहिले तीन-चार दिवस जड जातात. छातीभोवती कुणी पट्टा आवळून बांधल्यासारखं वाटतं, सकाळी उठल्यावर जास्त. खोल श्वास घेतला की ओढ बसते. आठवड्याच्या शेवटी बहुतेक जणी साध्या पॅरासिटामोलवर येतात. गोळ्या पहिले तीन दिवस घड्याळ लावून घ्या, दुखायची वाट बघू नका. पण एक नीट ध्यानात ठेवा. वेगवेगळ्या नावांच्या गोळ्यांत तेच पॅरासिटामोल असतं. अल्ट्रासेटमध्ये ट्रॅमाडोल या दुखण्याच्या जोरदार औषधाबरोबर ते आहे, झेरोडॉल पीमध्ये आहे, कॉम्बिफ्लॅममध्ये आहे, आणि डोलो, क्रोसिन म्हणजे तर तेच. कुणी अल्ट्रासेटवर थांबत नाही म्हणून डोलो घेतं, वर डोकं दुखतं म्हणून क्रोसिन. मोठ्या माणसाच्या पोटात २४ तासांत सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर ते जाता कामा नये, बारीक अंगाच्या किंवा लिव्हरचा त्रास असलेल्या बाईला त्याहून कमी. प्रत्येक पाकिटाच्या मागचा मजकूर वाचा आणि बेरीज करा. ॲस्पिरिन किंवा घरात पडलेली दुसरी कुठलीही दुखण्याची गोळी मनाने घेऊ नका, काहींनी रक्तस्राव वाढतो.

ट्रॅमाडोलने मळमळ होते आणि पोट साफ होत नाही. बाथरूममध्ये कुंथणं या दिवसांत बरं नव्हे, सगळा जोर छातीवर येतो. पहिल्या दिवसापासून भरपूर पाणी, रात्री इसबगोल, आणि दोन दिवस शौचाला झालं नाही तर सर्जनना विचारून सौम्य औषध.

खाण्यावरून घरात हमखास वाद होतो. भात खाल्ला की पू धरतो, वांगं नको, आंबट नको, डाळ जड, अंडं उष्ण. एकेक वजा करत शेवटी बाईच्या ताटात मऊ भाकरी आणि दुधी उरतो. जखम भरायला प्रथिनं लागतात. वरण, उसळी, दही, पनीर, अंडी, मासे, जे तुमच्या घरी चालतं ते पोटभर खा. भाताने पू होत नाही, पू जंतूंमुळे होतो. मीठ थोडं बेताने, लोणचं-पापड कमी, सूज उतरायला मदत होते. हळदीचं दूध आवडत असेल तर प्या, पण हळद जखमेवर लावायची नाही. तसंच तूप, कोरफड, कुणाच्या गावचा लेप, काहीही टाक्यांवर जाणार नाही.

आणि मिश्री. हे विचारलं की बायका आधी सासूबाईंकडे बघतात, मग माझ्याकडे. दातांना लावतो, ओढत थोडीच आहोत, असं म्हणतात. निकोटिन हिरड्यांतूनही रक्तात जातं, त्याने कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि टाक्यांची कड काळी पडून उघडते. सिगारेट, तंबाखू, मिश्री, व्हेप, निदान चार आठवडे बंद. ऑपरेशनपूर्वी लावत होतात आणि सर्जनना सांगितलं नसेल, तर आज सांगा.

अंघोळीचं प्रत्येक सर्जनचं वेगळं असतं. पाणी न शिरणारी पट्टी असेल तर काही जण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परवानगी देतात, काही पहिल्या ड्रेसिंगपर्यंत थांबवतात. तोवर ओल्या कपड्याने अंग पुसा. परवानगी मिळाल्यावर स्टुलावर बसून, कोमट पाणी, अर्धाच तांब्या. भरलेला तांब्या खांद्यावर रिता करताना हात किती वर जातो ते एकदा रिकाम्या तांब्याने करून बघा. शॉवर असेल तर पाठ त्याच्याकडे करून उभ्या राहा. केस दुसऱ्या कुणाकडून धुऊन घ्या. पट्टी निघाल्यावर टाके चोळायचे नाहीत, स्वच्छ कपड्याने टिपायचे. सर्जिकल ब्रा सांगितलीय तितके दिवस, म्हणजे बहुतेक वेळा चार ते सहा आठवडे, दिवसरात्र. दोन घ्या, एक धुवायला. तार असलेली ब्रा इतक्यात नाही, तुमची चीर स्तनाखालच्या घडीत असेल तर तार बरोबर टाक्यांवर बसते.

शेकाबद्दल मी जरा कडक आहे. छातीची कातडी, विशेषतः खालचा भाग आणि स्तनाग्राभोवती, कित्येक आठवडे बधिर राहू शकते. गरम पाण्याची पिशवी ठेवली तर चटका बसतोय हे कळतच नाही. आमच्याकडे एक बाई दुसऱ्या आठवड्यात तळहाताएवढे फोड घेऊन आल्या. दुखलं का विचारलं तर म्हणाल्या, नाही, उलट बरं वाटत होतं. बर्फाचंही तेच. बधिर कातडीवर बर्फ थेट ठेवला तर तीही मरते. गरम नको, गार नको, सांगितल्याशिवाय काही नको. तेल लावून मालीशही नाही. काही विशिष्ट इम्प्लांटना सर्जन ठरावीक पद्धतीने चोळायला शिकवतात, ते फक्त त्यांनी दाखवलं असेल तर.

पहिल्या काही आठवड्यांत विचित्र वाटेल पण घाबरण्यासारखं नाही, अशा गोष्टी पुष्कळ असतात. आतून गुळगुळ आवाज येतो, वाकलं की पाणी हलल्यासारखं. रात्री अकराला 'सिस्टर, इम्प्लांट फुटला' म्हणून जे फोन येतात त्यातले बहुतेक याचेच. आत थोडी हवा आणि द्रव राहिलेला असतो, तो शरीर शोषून घेतं. मध्येच चमक मारते, कारण दुखावलेल्या नसा पुन्हा जाग्या होतात. स्तनाग्रांना कपडा लागला तरी झोंबतं. इम्प्लांट फार वर बसल्यासारखे आणि टणक दिसतात, वरचा भाग फुगीर, खालचा चपटा. स्नायू सैल पडून ते खाली उतरायला तीन महिने लागतात, काहींना सहा. दोन बाजू एकाच वेळी उतरत नाहीत. जो हात आपण जास्त वापरतो, बहुधा त्या बाजूची सूज जास्त दिवस टिकते. म्हणून पहिल्या महिन्यात आरशापुढे उभं राहून निकाल लावू नका, आणि फोटो काढून मैत्रिणीला तर अजिबात पाठवू नका. तीही दुसऱ्या कुणाच्या सहाव्या महिन्याच्या फोटोशी ताडून बघणार.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येतं, उगाच केलं असं वाटतं. भूल, गोळ्या, अपुरी झोप, सुजलेलं अंग, आणि तुमच्या बाबतीत लपवाछपवी. जवळपास प्रत्येकीला येतं आणि बहुतेकींचं आठवड्या-दोन आठवड्यांत निवळतं. त्यापुढेही राहिलं, झोप-जेवण उडालं, तर फोन करा. तो फोन टाक्यांच्या फोनइतकाच कामाचा असतो.

आता ज्यासाठी थांबायचं नाही ते. एक बाजू दुसरीपेक्षा तासा-दोन तासांत ठळक मोठी झाली, दगडासारखी टणक, कातडी ताणून चकाकायला लागली, गोळी घेऊनही ठणका वाढतोय, तर आत रक्त साचतंय. हे बहुतेक वेळा पहिल्या एक-दोन दिवसांत होतं, पण दुसऱ्या आठवड्यात जोराचं काही केल्यावर झालेलंही मी पाहिलंय. लगेच सर्जनना फोन, आणि फोन लागेपर्यंत काही खायचं-प्यायचं नाही. पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये घ्यावं लागलं तर पोट रिकामं हवं. वेळेत गेलात तर रक्त काढून बहुतेक वेळा इम्प्लांट वाचतो. सासूबाई म्हणतील सकाळी बघू. सकाळी नाही.

ताप १००.४ फॅरेनहाइटच्या वर, टाक्यांभोवतीची लाली रोज पसरतेय, ती जागा हाताला गरम लागतेय, पू किंवा वास येतोय, टाक्याची कड उघडली, तर त्याच दिवशी सर्जनना दाखवा. उरलेलं अँटिबायोटिक सुरू करून वाट बघू नका. लाली पसरतेय का याची शंका असेल तर तिच्या कडेने पेनाने रेघ मारा आणि चार तासांनी बघा. फोटो काढून पाठवायचा तो सर्जनना. एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली तरी त्याच दिवशी दाखवा. आणि एकदम धाप लागली, श्वास घेताना छातीत सुई टोचल्यासारखं झालं, खोकल्यातून रक्त आलं, चक्कर आली, तर सर्जनच्या फोनचीही वाट न बघता १०८ ला फोन करा. गाठीची गोष्ट तिथे विसरून जायची.

मुलाचं सांगते. तीन वर्षांचं मूल बारा-चौदा किलोचं असतं. उचलून घ्यायला सहा आठवडे, आणि तेही सर्जननी हो म्हटल्यावर. त्याला हे कळणार नाही, म्हणून उचलायचं सोडून बाकी सगळं ठेवा. तुम्ही सोफ्यावर मांडीवर उशी घेऊन बसा आणि तो आपला आपण बाजूने चढून येऊ दे. पहिल्या दिवशीच 'आईला इथे बाऊ झालाय' म्हणून दाखवलं तर मुलं बरीच जपतात, निदान दुपारपर्यंत. रात्री मात्र त्याला बाबांजवळ झोपवा. झोपेतली एक लाथ छातीवर बसली की पुढचा दिवस वाया. तो पडला, रडला तर तुमचे हात आपसूक पुढे जातील. त्यासाठी घरात दुसरं माणूस हवंच, आणि ते मघाचं खरं वाक्य इथेच कामी येतं.

टेबलावरचं काम असेल तर आठ-दहा दिवसांत बसता येतं. गाडी चालवायची तर ट्रॅमाडोलसारखी गुंगीची गोळी बंद झाल्यावर, आणि स्टिअरिंग झटकन वळवताना कळ येत नसेल तेव्हाच, म्हणजे दोन आठवड्यांच्या आधी नाही. स्कूटरला त्याहून जास्त, कारण खड्ड्यात हँडल सावरायचा सगळा भार छातीवर येतो आणि स्टँडवर चढवताना तर विचारू नका. मुंबईत लोकलने जाणाऱ्यांना मी महिनाभर तरी थांबायला सांगते. वरची कडी धरायची, वर डब्यातल्या गर्दीत कुणाचं कोपर कुठे बसेल सांगता येत नाही. चालणं पहिल्या दिवसापासून, पायांचे व्यायाम तीन-चार आठवड्यांनी, सूर्यनमस्कार, दंड, पोहणं सहा ते आठ आठवड्यांनी. खांदे मात्र आखडू द्यायचे नाहीत. कोपरं अंगाजवळ ठेवून खांदे हलके मागे फिरवायचे, दिवसातून चार-पाच वेळा. काही जणी भीतीने हात अंगाला इतके चिकटवून ठेवतात की महिन्याने छाती बरी आणि खांदा धरलेला. नवऱ्याजवळ जायला दोन-तीन आठवड्यांनी हरकत नसते, छातीला हात-भार न लावता. हा प्रश्न बहुतेकींना पडतो, विचारत कुणी नाही.

कॅन्सरमुळे स्तन काढून इम्प्लांट बसवलेल्या बायकाही हे वाचत असतील. त्यांचं बरंचसं वरच्यासारखंच, पण सोबत ड्रेनची नळी आणि बल्ब असतो, आत साचणारं रक्त-पाणी ओढून बाहेर काढायला. तो रोज ठरावीक वेळी रिकामा करून मापाने मोजायचा, वहीत तारीख आणि मिलिलिटर लिहायचे. झाकण लावण्याआधी बल्ब दाबून आतली हवा काढायची, नाहीतर तो ओढतच नाही. बल्ब गाऊनला सेफ्टी पिनने अडकवा, लोंबता ठेवलात की दाराच्या कडीत अडकतो. २४ तासांत ३० मिलीच्या खाली आलं की बहुतेक सर्जन काढायचा विचार करतात. रंग लालवरून गुलाबी, मग फिकट पिवळा व्हायला हवा. पुन्हा गडद लाल झाला किंवा अचानक भरायला लागला तर फोन. आधी एक्स्पांडर, म्हणजे कातडी हळूहळू ताणून जागा करणारी पिशवी, बसवला असेल तर त्यातल्या अनेकांत लोहचुंबक असतो, त्यामुळे एमआरआयच्या माणसाला आधी सांगितल्याशिवाय त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही.

जखम पूर्ण मिटल्यावर, साधारण तिसऱ्या आठवड्यापासून, सिलिकॉनची जेल किंवा पट्टी सर्जनना विचारून वणावर लावायला घ्या. आपल्या कातडीवर वण गडद आणि जाड व्हायची शक्यता जास्त. लाली काही महिने राहतेच, वर्षभराने तो खरा कसा दिसणार ते कळतं.

फायलीत एक छोटं कार्ड असेल, इम्प्लांटचं. कंपनी, आकार सीसीमध्ये, लॉट नंबर, सिरियल नंबर. नसेल तर उद्या निघण्याआधी मागून घ्या. त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, एक नवऱ्याकडे. २०१० मध्ये फ्रान्समधल्या पीआयपी या कंपनीचे इम्प्लांट औद्योगिक दर्जाचं सिलिकॉन वापरल्याचं उघड होऊन बाजारातून काढले गेले. २०१९ मध्ये ॲलर्गन कंपनीने खरखरीत पृष्ठभागाचे बायोसेल इम्प्लांट जगभरातून परत घेतले, कारण त्यांच्याशी जोडलेला एक दुर्मीळ लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. अशा वेळी आपला इम्प्लांट त्यातला आहे का, हे कार्डावरूनच कळतं. तो लिम्फोमा बहुधा काही वर्षांनी एका बाजूला अचानक पाणी होऊन सूज येते तेव्हा लक्षात येतो, त्यामुळे पुढे कधीही अशी सूज आली तर दाखवायचं. अमेरिकेच्या एफडीए या औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा सल्ला असा आहे की सिलिकॉनचे इम्प्लांट आतून फाटलेत का हे बघायला पाच-सहा वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी करावी आणि मग दर दोन-तीन वर्षांनी. पुढे मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, कराल तेव्हाही आधी सांगा, इम्प्लांट मागे सारून फोटो घ्यायची वेगळी पद्धत असते.

राहिल्या गौरी. पाच आठवडे म्हणजे सर्जननी अजून पूर्ण मोकळीक दिलेली नसणार. सजावट वर चढून टांगायची नाही, स्टँड-मुखवट्यांची पेटी माळ्यावरून काढायची नाही, पुरण वाटायचं नाही आणि पोळ्या लाटायच्या नाहीत. बसून हार करा, भाज्या निवडा, साडीच्या निऱ्या कुणी दुसऱ्याने घातल्या की पदर लावा, ओटीची ताटं भरा. पुरणपोळ्या या वर्षी बाहेरून आणा. साताऱ्यात करून देणाऱ्या बायका आहेत, पण ऑर्डर आठवडाभर आधी द्यावी लागेल.